मल्लम्माची तीन बोटं

नेकनूरच्या बस स्टँडासमोर गुरुपादअप्पांचं फ्लेक्सचं दुकान आहे. पंचक्रोशीत वाढदिवस कुणाचाही असो, पुढारी आधी अप्पांच्या कॉम्प्युटरवर हसतो आणि मग चौकात. पण त्या दिवशी विजयसिंहदादांचा फोटो नाकापर्यंत उघडला आणि तिथंच अडकला. खालच्या कार्यकर्त्यांची तोंडं तर अजून रांगेतच होती.

"अप्पा, नवा कॉम्प्युटर घ्या की," फ्लेक्स न्यायला आलेला बंकट म्हणाला.

"नवा कावून? आज ह्यालाच घोड्यावानी पळवतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणत्यात. प्रोसेसरला कंपनीनं नेमून दिल्यापेक्षा जास्त पळवायचं. व्हिडिओत बघितलंय मी."

बंकट भारावून चहा सांगायला गेला. नवा कॉम्प्युटर लेक शिवांजलीसुद्धा पाठवायला तयार होती, पण अप्पा काही ना काही कारण सांगून टाळत होते. खरं कारण सांगायची त्यांना लाज वाटत होती.

दर खंडेनवमीला अप्पा कॉम्प्युटरची पेटी उघडायचे आणि त्यांची बायको मल्लम्मा कपिलधारची विभूती ओली करून आणायची. "पूजा जीवाची करायची, पत्र्याची न्हाई," म्हणत ती आतल्या मदरबोर्डवर तीन बोटं ओढायची. वर चिमूटभर कोरडी विभूती पंख्यावर टाकायची, कारण तोही बिचारा राबतोच. मागच्या पौषात मल्लम्मा गेली. लेकीनं तिची लुगडी वाटून टाकली, घर सारवून घेतलं. तिच्या हाताची म्हणावी अशी एकच खूण उरली होती, ती त्या पेटीत होती. अप्पांना ती कुठल्याही किमतीत जपायची होती.

त्यांनी दुरुस्तीवाल्या अभिमन्यूला फोन लावला.

"अप्पा, प्रत्येक मदरबोर्ड ओव्हरक्लॉक करू देत न्हाई. आधी बोर्डावरचा नंबर वाचून सांगा."

अप्पांनी पेटी उघडली. नंबर बरोबर विभूतीच्या खाली होता.

"दिसत न्हाई."

"चष्मा लावा."

"लावलाय."

"मग पुसून घ्या की फडक्यानं."

"ते जमायचं न्हाई."

"कावून?"

अप्पांनी फोन ठेवला. एका अंगानं बघितलं, वाकून बघितलं, बॅटरी लावून बघितलं. मधल्या बोटाखालून एक इंग्रजी अक्षर डोकावत होतं, तेवढ्यावर काय कळणार? शेवटी अभिमन्यू स्वतःच मोटारसायकलवर आला. चहा कुठं अडकला ते बघायला अप्पा हॉटेलापर्यंत गेले आणि तेवढ्यात घात झाला.

ते परतले तेव्हा दुकानात पांढरा धुरळा उडत होता. अभिमन्यूच्या एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात हवा मारायचा ब्लोअर.

"अप्पा, हा बोर्ड काय ओव्हरक्लॉक करू देत न्हाई," तो म्हणाला. "पण आता गरजबी न्हाई. पंखा राखेनं जाम झालता, म्हणून मशीन तापून बसत होतं. कुणी घातली एवढी राख?"

अप्पा पेटीत वाकले. बोर्ड हिरवागार चकचकत होता. अभिमन्यू शर्टाची बाही झटकायला लागला, तसा अप्पांनी त्याचा हात धरला. बाहीवरची राख बोटानं टिपली आणि कपाळाला लावली. त्यांचे डोळे भरून आले.

"धुरळा गेला वाटतं डोळ्यात," अभिमन्यू म्हणाला. "तसा नंबर स्क्रीनवरबी दिसतो, पेटी उघडायचंबी काम नव्हतं. पण म्हटलं, तुमाला फोनवर कुठं समजावत बसा."

बंकट आला. विजयसिंहदादा चाळीस कार्यकर्त्यांसह क्षणात उघडले. "पळवलं की हो अप्पा," म्हणत त्यानं चहा पुढं केला.

"पळवलं," अप्पा म्हणाले.

पूर्वी फोटो उघडेपर्यंत पेटीकडं बघून मल्लम्माशी दोन शब्द बोलून व्हायचे. आता तेवढाही वेळ मिळणार नव्हता.