संपतचं हंगामी उत्तर

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत कुत्री, ओले कपडे आणि गळती या तिन्ही बाबतींत नियम आहेत. बारावी झालेल्या मुलाबाबत मात्र नव्हता. ही त्रुटी कशी दूर झाली, हे मानद सचिव या नात्याने सांगणं माझं कर्तव्य आहे. मानद म्हणजे फुकट. पण ते असो.

तिसऱ्या मजल्यावरच्या सर्जेरावांच्या संपतचा बारावीचा निकाल लागला. दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये मी रीतसर विचारलं, “मग, पुढे काय?”

“अजून ठरलं नाही, काका.”

अहो, सरळ तोंडावर! ठरलेलं नसलं तरी काहीतरी सांगायची आपल्याकडे पद्धत आहे.

मी सोडूनही दिलं असतं. पण लिफ्टमध्ये आमच्या खजिनदार विजयमालाबाईंची नववीतली मुलगी होती. त्या रात्री जेवताना तिने विचारलं, “आई, मी डॉक्टर होणार हे आपण नक्की कधी ठरवलं?” बाईंची तव्यावरची भाकरी करपली. म्हणजे वरच्या मजल्यावरचं खाली झिरपायला लागलं होतं. गळतीच्या नियमाखाली मी तातडीची सभा बोलावली.

पाणीटंचाईच्या सभेला आले नव्हते इतके लोक आले. अध्यक्ष आप्पासाहेब, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी संपतला उभं केलं.

“दिवसभर करतोस काय?”

“बसने स्वारगेटला जातो. मंडईत फिरतो. परत येतो.”

“भाजी आणतोस?”

“नाही. विचार करतो.”

सभेत एकच गलका झाला. सर्जेराव हात जोडून उठले. सोसायटीखालची जमीन एकेकाळी त्यांचीच, त्यामुळे ते कायम पाहुण्यासारखे वागतात.

“पोरगं गुणाचं हाय हो. एक वरीस मागतंय नुसतं.”

“एक वर्ष!” विजयमालाबाई कडाडल्या. “आणि तोवर विचारणाऱ्यांना आम्ही काय सांगायचं?”

मुद्दा बिनतोड होता. मग मीच तोडगा काढला. निर्णय होईपर्यंत संपतने ‘इंजिनिअरिंग’ असं हंगामी उत्तर द्यावं. उत्तर फक्त तात्पुरतं, बंधनकारक अजिबात नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. संपतला मत नव्हतं.

हंगामी उत्तराचा गुण लगेच आला. सर्जेरावांच्या भावकीत बातमी गेली, पाहुणे पेढे घेऊन आले. पेढे खाल्ले म्हणजे फ्लेक्स आलाच. ‘भावी इंजिनिअर संपतराव यांचे हार्दिक अभिनंदन’, आणि त्यात मामांचा फोटो संपतच्या दुप्पट. आता एवढा फ्लेक्स लावून प्रवेश घ्यायचा नाही म्हणजे निव्वळ फसवणूक! सोसायटीचं नाव गेलं असतं. शेवटी कमिटीतले आम्हीच चौघं त्याला गाडीत घालून घेऊन गेलो आणि प्रवेश उरकला.

परत आल्यावर संपतने लिफ्टपाशी आप्पासाहेबांना गाठलं. “आजोबा, हे तात्पुरतं होतं ना?”

आप्पासाहेब बराच वेळ बटण दाबत राहिले. लिफ्ट केव्हाच आली होती.

“बाळा, मीही बँकेत तात्पुरताच लागलो होतो,” ते म्हणाले. “तबला शिकण्यापुरते पैसे साठेपर्यंत.”

पोराचे डोळे भरून आले. आप्पासाहेबांचेही आले असावेत, पण तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसल्याने मी त्याची नोंद घेतली नाही.

आता सगळं सुरळीत आहे. संपत विचारायच्या आधीच उत्तर देतो. विजयमालाबाईंची मुलगी काहीच विचारत नाही. मंडईत म्हणे एक मुलगा दिसेनासा झालाय, पण तो भाग आमच्या हद्दीत येत नाही.

आणि वाचकहो, तुम्ही गालातल्या गालात हसू नका. पोराला काय करायचं होतं, हे तुम्हाला कुठे विचारायचंय? ‘बारावी’ वाचल्यापासून तुमच्या जिभेवर एकच प्रश्न वळवळतोय, मला का कळत नाही! घ्या, सांगून टाकतो. एक्याऐंशी टक्के. झालं समाधान?

आता तुमच्याकडचे किती, ते सांगा.