झाडाच्या वाट्याचा चहा

फ्रिज उघडून मुलीने विचारलं, "बाबा, इथली बाटली कुठे गेली?"

"प्यायलो," बाबा अभिमानाने म्हणाले. "एका दमात. तू रोज ओरडतेस ना, हिरवा चहा तसाच टाकता म्हणून? म्हटलं, आज गार तर गार."

बाटलीत जास्वंदीच्या पानांचा अर्क होता. त्यात जस्ताचं मीठ मिसळून भट्टीत भाजलं की जस्ताच्या ऑक्साईडचे अतिसूक्ष्म कण होतात. त्यांचं मलम चिघळणाऱ्या जखमांवर चालेल का, हे तिला पाहायचं होतं. बाबांच्या तळपायाची मधुमेहाची जखम भरेना, म्हणूनच तिने प्रबंधासाठी हा विषय घेतला होता. आणि प्रयोगशाळेतल्या भट्टीची तिची पाळी आज दुपारी होती. चुकली, तर एकदम पुढल्या महिन्यात.

"मला काही होईल का गं?"

"नुसती पानं होती, नशीब! तुम्हाला काही नाही होत. माझं काय होणार ते बघा."

बाबा लंगडत गॅलरीत गेले आणि जास्वंद ओरबाडू लागले.

"बास! टक्कल पाडाल त्याला."

"मग शेजारच्यांच्या झाडाची आणतो."

"नाही चालत. त्यांच्या पानांचे कण गोळा होऊन बसतात. आपल्याच झाडाचे सुटे, बारीक येतात. का, ते माझ्या मार्गदर्शक मॅडमनाही कळत नाही. तुम्ही घालता काय ह्याला?"

"पाणी."

"आणि?"

बाबांनी कुंडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे. "चहा."

"कुठला चहा?"

"तुझाच. तू समोर बसलीस की मात्र प्यायचो हं."

मुलीला रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. "म्हणजे माझा चहा तुम्ही एकदाच मनापासून प्यायलात, आणि तो चहाच नव्हता!"

बाबांनी तोडलेल्या पानांवरच काम भागलं. संध्याकाळी ती पांढरीशुभ्र भुकटी घेऊन आली. चहाचाच गुण का, ते तपासावं लागेल, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन कप आणले. "हा तुमचा. तो झाडाचा."

"त्याचा मोठा का?"

"त्याच्यावर माझा प्रबंध उभा आहे."

"आणि मी कुणीच नाही?"

खाली बसून तिने त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि हलक्या हाताने पट्टी सोडू लागली. बाबांनी मुकाट्याने कप तोंडाला लावला.