मास्तरांचे मस्तक व वस्तादांची विजार

राजमान्य राजश्री वाचकमंडळी यांचे सेवेसी, कपड्यास इस्त्री करून पोट भरणार बंद्याकडून हात जोडून जाहीर केले जाते ऐसे जे, आमचे गल्लीत शिवणकाम करणार मास्तर आणि केस कापणार वस्ताद यांजमध्ये तीन आठवडे जी बेबनावाची धामधूम जाहली, तिची साद्यंत हकीकत लिहून ठेविली आहे. लिहावी ऐसी आज्ञा कोणी केली नाही, हे खरे. परंतु बंद्याचे दुकान मास्तरांच्या भिंतीस भिंत लावून आणि वस्तादांच्या आरशांच्या बरोबर समोर, आणि लोक कपडे उशीखाली घडी घालून सरळ करू लागल्यापासून हातास रिकामपण बहुत, सबब जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिले, आणि जे पाहिले नाही ते भिंतीस कान लावून ऐकले आणि तेही लिहिले. लोक बोलले ते बोलले तैसेच ठेविले आहे, त्यावर अदबीची इस्त्री फिरविली नाही.

गल्लीचे पूर्वेस मास्तरांची गादी. शिवणयंत्रे दोन, कापण्याचे मेज एक, आणि मागील अंगास दोन खोल्यांचा महाल. त्यात मास्तर, त्यांचे कुटुंब, म्हणजे सर्व गल्लीच्या वहिनीसाहेब, आणि मास्तरांचे तीर्थरूप थोरले बाबा ऐसे त्रिवर्ग नांदत. पश्चिमेस वस्तादांचे सलून. आरसे तीन, खुर्च्या दोन, पैकी एक फिरते आणि एक फिरल्याचा आव आणते.

उभयतांचा स्नेह बावीस वर्षांचा, आणि रिवाज ऐसा की, दर महिन्याचे पहिले मंगळवारी सकाळी, दुकाने उघडण्याआधी, मास्तरांची स्वारी गल्ली ओलांडून जाई आणि फिरत्या खुर्चीवर आरूढ होई आणि वस्ताद त्यांच्या मस्तकाची मशागत करीत. केसांस वीस मिनिटे पुरत, परंतु कारभार तासभर चाले. त्या तासात महत्त्वाचे ऐसे काहीएक बोलले जात नसे. गुडघा धरतो, कोपऱ्यावरचा खांब वाकला, तांबड्या मांजरीस पुन्हा पिल्ले जाहली, इतकेच. परंतु महिन्याचे उरले दिवस मान खाली घालून शिवीत बसणे मास्तरांस त्या एका तासाच्या बळावर सोसे. हे त्यांनी कोणास बोलून दाखविले नव्हते, वस्तादांसही नाही.

ऐसे राज्य सुरळीत चालत असता महागाई नामे गनीम चौफेर उठला. प्रथम त्याने तेलाचे ठाणे घेतले, मग साबणाचे, आणि मग चहा व साखर ही दोन्ही ठाणी एकाच आठवड्यात पाडाव जाहली. लोकांनी जुन्या कपड्यांचे आयुष्य वाढविले, नवे शिवणे सोडिले, आणि मास्तरांचे एक यंत्र खोळ घालून बसले. तेव्हा वहिनीसाहेबांनी मुदपाकखान्यातील मेजावर दरबार भरविला आणि फर्मान सोडिले ते येणेप्रमाणे की, चहाबरोबर बिस्किट दिसेल परंतु दुसरे दिसणार नाही, साबणाचे उरलेले तुकडे एकत्र दाबून त्यांचा नवा साबण करावा, टूथपेस्टची नळी लाटण्याने लाटल्यावाचून मेली ऐसे कोणी समजू नये, आणि वर्तमानपत्र बंद. त्यावर थोरल्या बाबांनी दुसरा चमचा साखर आपण होऊन सोडिली, मुखावर भाव ऐसा की जणू अर्धा मुलूख सोडिला, आणि तिसरे प्रहरी बंद्याच्या दुकानी येऊन माझ्या चहात तीन चमचे घालून घेतले.

मग थोरले बाबा फुकट वर्तमानपत्र वाचावयास वस्तादांकडे जाऊ लागले. दोन दिवसांनी घरी येऊन म्हणाले, की तिकडच्या बातम्या मागील महिन्याच्या आहेत. यातील इशारा कोणाचे ध्यानी आला नाही. बंद्याचेही नाही, खोटे कशास लिहू.

यानंतर वहिनीसाहेबांची नजर मास्तरांच्या मस्तकावर गेली.

"बावीस वर्षं दुसऱ्याला डोकं देताय," त्या म्हणाल्या. "घरात कात्र्या चार आहेत. मी बायकांची पोलकी कापते, बाह्या कापते, तुमचे चार केस नाही कापता येणार?"

मास्तर म्हणाले, "अगं, ते निराळं असतं."

"काय निराळं? कापड तरी सरकतं. तुम्ही तर बसून राहणार."

मास्तरांचे मनात आले की, सांगावे, केसांचे काय, तो तास जाईल. परंतु ज्या घरात बिस्किट मोजून मिळते तेथे गप्पांसाठी पैसे मागणे त्यांस शरमेचे वाटले, आणि ते स्टुलावर जाऊन बसले.

आता जो प्रमाद घडला तो अन्य कोणत्याही घरी घडता ना. वहिनीसाहेब जातीच्या कारागीर. कारागिराची रीत ऐसी की, कापड दुमडावे, अर्ध्या अंगाचा कागदी नमुना ठेवावा, आणि उजवे कापिले की तेच डावे. त्यांनी टेप लावून मस्तकाचे माप घेतले, मग उजव्या अर्ध्या डोक्याचा नमुना जुन्या वर्तमानपत्रावर कापिला, मग खडूने कानामागे रेघ मारिली आणि मोठी कात्री चालविली. उजवी बाजू झकास उतरली. मग तोच नमुना उलटा करून डावीकडे लाविला. परंतु मास्तरांचा भांग डावीकडे, आणि त्याच बाजूस जन्मापासूनचा एक भोवरा, तो नमुन्यात कोठून येणार. भोवऱ्याने बंड केले आणि केस उभे राहिले. ते बसविण्यास आणखी कापिले, तो आणखी उभे राहिले. मागील बाजूस, पुढे सैल करावे लागले तर असावी, म्हणून त्यांनी दोन बोटे माया सोडिली होती. ती मानेवर झालरीसारखी लोंबत राहिली. थोरल्या बाबांनी चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाले, की वाढतील. वहिनीसाहेबांनी कात्री पुसली, परंतु ती जागेवर ठेविताना त्यांचा हात जड जाहला, हे बंद्याने भिंतीच्या फटीतून पाहिले.

पुढे पहिला मंगळवार उगवला. वस्तादांनी फिरती खुर्ची झटकिली, स्वच्छ पंचा काढून पाठीवर टाकिला आणि दारात उभे राहिले. मास्तर न आले. नऊ वाजले, पंचा घडी होऊन आत गेला. मास्तर कानटोपी घालून, भर उन्हाळ्यात, अर्धे शटर ओढून आत बसले होते आणि शटराखालील फटीतून वस्तादांची पायताणे पाहत होते. ती पायताणे बराच वेळ हलली नाहीत.

त्या दिवसापासून मास्तरांनी गल्ली ओलांडणे सोडिले. दोरा आणावयाचा तर मागील बोळाने, गटाराच्या कडेने, पाण्याच्या टाकीस वळसा घालून जात आणि येत. वस्तादांनी हे दोन दिवस पाहिले आणि निष्कर्ष काढिला तो एकच की, मास्तर फितूर जाहले. हमरस्त्यावर काचेचे नवे सलून निघाले होते, आत गार हवा आणि मोठे गाणे. वस्तादांनी दाराचा पडदा ओढिला. बंद्यास कपडे देण्यास आले तेव्हा म्हणाले, "बावीस वर्षं. आणि सांगून तरी जायचं ना माणसानं. केसानं गळा कापला माझा."

इकडे मास्तरांसही एक शल्य होते, ते ऐकावे. वस्तादांचा पांढरा कोट दरसाल मास्तर शिवीत. यंदा वस्ताद कोटासाठी आले नाहीत. पडद्याच्या फटीतून जो कोट दिसला त्याचा खिसा काळ्या दोऱ्याने, वेड्यावाकड्या टाक्यांनी डकविलेला होता. मास्तरांनी तो टाका रस्त्याच्या या कडेवरून ओळखिला की हा कारागिराचा नव्हे, आणि मनात म्हणाले, की आपला हात याला आता नकोसा जाहला. ऐसे दोघेही रुसले, आणि दोघेही मजजवळ येऊन दुसऱ्याची चौकशी करीत आणि वर म्हणत की सहज विचारिले. बंद्याने दोघांस खरे सांगावयाचे होते. परंतु दोघेही जुने गिऱ्हाईक, एकास दुखवून दुसऱ्यास गमवावे ऐसे दिवस नव्हते, सबब तोंड मिटून इस्त्री फिरविली. या कामी बंदा भित्रा ठरला, हेही दप्तरी असावे.

तिसऱ्या आठवड्यात निकराची लढाई जाहली. बोळाच्या तोंडाशी अंडीवाला बसतो. तो तडा गेलेली अंडी वेगळी काढतो आणि निम्म्या भावात देतो, परंतु ती सूर्योदयास जो पोहोचेल त्याची. मास्तर टोपी कानापर्यंत ओढून मागील वाटेने तेथे दाखल जाहले आणि पाहतात तो समोरून वस्ताद. शेवटची सहा अंडी टोपलीत. दोघांनीही एकाच समयी हात घातला आणि दोघांचेही हात तेथेच राहिले, कारण फुटकी अंडी घेताना ओळखीचे माणूस भेटावे यासारखा पेच नाही.

इतक्यात मास्तर वाकले होते ते आणखी वाकले आणि टोपी टोपलीत पडली. वस्तादांनी ते मस्तक पाहिले आणि एक पाऊल मागे गेले, तो त्यांच्या विजारीच्या दुमडीतून काहीतरी टणकन दगडावर पडले, मग दुसरे पडले, आणि विजारीचा उजवा पाय टाचेखाली लोळू लागला. विजारीची दुमड त्यांनी केसांच्या क्लिपांनी धरिली होती. बायकांचे केस कापताना बाजूस धरावयाच्या त्या क्लिपा, एका पायास चार.

अंडीवाला वर बघू लागला.

"हे कुणी केलं?" वस्तादांनी विचारिले.

"घरी."

"घरी कोण? वैरी आहे का घरात?"

"तिनंच. पैसे वाचवायला." मास्तर टोपी हातात पिळीत म्हणाले. "काचेच्या दुकानात नाही गेलो रे. तुझ्यासमोर हे डोकं घेऊन कसा येऊ, म्हणून नाही आलो. आणि तू? त्या क्लिपा कशाला? मी मेलो होतो का?"

वस्तादांनी खाली पायाकडे पाहिले. "गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय, मास्तर. पेपर बंद केला, दुसरा दिवा बंद केला. तुझ्याकडे आलो असतो तर तू पैसे घेतले नसतेस. आणि तुझंही एक मशीन बंद आहे ते मला दिसतं की समोरून. फुकट शिवून घ्यायची लाज वाटली."

मग वस्तादांनी तीन अंडी मास्तरांच्या पिशवीत घातली आणि तीन आपल्या, आणि एका दमात हुकूम केला, "चल. आधी ते डोकं. मला बघवत नाहीये."

मग उभय सरदार, बोळाने नव्हे तर भर गल्लीतून, सर्वांदेखत, सलूनात दाखल जाहले. मास्तर फिरत्या खुर्चीवर बसले. वस्तादांनी भोवरा पाहून "याला तसाच सोडायचा असतो, हा कुणाचं ऐकत नाही" ऐसे म्हणून मानेवरील झालरीस हात घातला. मास्तर म्हणाले, थांब, रिकामा बसून काय करू, विजार दे. तेव्हा वस्ताद कमरेस पंचा गुंडाळून केस कापीत आहेत, आणि मास्तर गळ्यात पांढरी चादर, मांडीवर विजार आणि दातांत दोरा धरून टाके घालीत आहेत, ऐसा प्रसंग तिन्ही आरशांत एकदम दिसला. बंद्याची इस्त्री एका सदऱ्यावर विसरली आणि सदऱ्यास डाग पडला. त्याची भरपाई कोणी मागू नये.

इतक्यात वहिनीसाहेब नवऱ्यास शोधीत उंबऱ्याशी आल्या. क्षणभर त्यांनी पाहिले, आणि मग म्हणाल्या, "वस्ताद, माझं चुकलं. नमुना एकाच बाजूचा घेतला मी."

"वहिनी, उजवी बाजू मात्र मला जमली नसती इतकी सरळ आहे," वस्ताद म्हणाले, आणि त्या एका वाक्याने सर्व बखेडा मिटला.

तह तेथेच जाहला आणि त्याच अर्ध्या डोक्याच्या कागदी नमुन्यावर खडूने लिहिला गेला. मास्तर व थोरले बाबा यांची डोकी वस्तादांनी राखावी, वस्तादांचे कोट, विजारी व पंचे मास्तरांनी राखावे, देणेघेणे कोणी मनात आणू नये. वर्तमानपत्र तिघांत मिळून एक घ्यावे, म्हणजे बंदाही त्यात आला, आणि ते थोरल्या बाबांच्या हाती शेवटी पडावे, कारण ते कोडे भरून टाकतात. वहिनीसाहेबांनी एक कलम आपले घातले की, पुन्हा कोणी कोणापासून तोंड चुकवून बोळाने जाऊ नये, कमी पडले तर कमी पडले ऐसे तोंडाने सांगावे. यावर दोघांनी माना खाली घातल्या. मास्तरांस हलता येत नव्हते, तरी घातली.

येणेप्रमाणे मोहीम संपली. गनीम मोडला ऐसे लिहिले तर लबाडी होईल. त्याच आठवड्यात साबण पुन्हा चढला आणि बिस्किट अद्याप एकच आहे, आणि मास्तरांच्या दुसऱ्या यंत्रावरील खोळ अजून निघाली नाही. तहाचा कागद सलूनात आरशाशेजारी टांगिला आहे, नवे गिऱ्हाईक त्यास कोण्या बेटाचा नकाशा समजते. परंतु पुढील महिन्याचे पहिले मंगळवारी मास्तरांची स्वारी टोपीवाचून गल्ली ओलांडून गेली, केस फारसे वाढले नव्हते तरी गेली, आणि बंद्याने घड्याळ लावून मोजिले, कारभार एक तास अकरा मिनिटे चालला. गुडघा धरतो, खांब आणखी वाकला, तांबडीच्या पिल्लांपैकी एक पांढरे निघाले. इतका मुलूख परत मिळाला, तो या दप्तरी दाखल केला असे. लेखनातील डाग वाचकांनी धुऊन घ्यावे. इस्त्री बंदा करून देईल.