अर्डिसबाईंच्या पलंगाची हद्द

माणूस कुठला, हे तो कुठे जन्मला, कुठे कमावतो किंवा कुठे जेवतो यावरून ठरत नाही. तो रात्री कुठे झोपतो यावरून ठरतं. स्थानिक स्वराज्याची सगळी इमारत या एका तत्त्वावर उभी आहे, आणि ते तत्त्व पलंगावर आडवं पडलेलं आहे.

मॅरिट हॉफरला हे कुणी सांगितलंच नव्हतं असं नाही. शेजारच्या अर्डिस टॉलफ्सनबाईंनी अगदी सरळ सांगितलं होतं, "पोरी, पलंग आहे तिथेच असू दे. पलंग हलला की काउंटी हलेल." मॅरिट हसली होती. तिने कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं होतं. स्थानिक स्वराज्य संस्थांवर तिने निबंध लिहिला होता, त्याला चांगले गुणही पडले होते, आणि त्या अख्ख्या निबंधात पलंग कुठेही नव्हता.

अर्डिसबाईंचं घर अमेरिकेत, डाकोटाच्या सपाटीवर, ऑस्लंड आणि पेल या दोन काउंट्यांच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांच्या, सीमेजवळ आहे. 'जवळ' हा शब्द पूर्वीचा. वर्षानुवर्षं सगळे समजत होते की सीमा कुंपणावरून जाते. मग दोन्ही काउंट्यांनी एकत्र निधी घालून उपग्रहामार्फत मोजणी करून घेतली (हा निधी त्या वर्षी पुलाच्या दुरुस्तीसाठी होता, पूल अजून पडलेला नाही, म्हणजे निर्णय बरोबरच होता). मोजणीत असं निघालं की सीमा कुंपणावरून नव्हे, घरातून जाते. झोपायची खोली ऑस्लंडमध्ये, स्वयंपाकघर पेलमध्ये, आणि मधला उंबरा दोघांचा.

यामुळे कुणाची गैरसोय झाली असं म्हणता येणार नाही. काउंटीचा सगळा संसार घरपट्टीवर चालतो, तेव्हा खोलीची घरपट्टी ऑस्लंडला आणि स्वयंपाकघराची पेलला जाऊ लागली. न्हाणीघर ऑस्लंडमध्ये आहे, पण त्याचं पाणी पेलच्या जमिनीत मुरतं. त्यावर अभ्यासगट नेमलेला आहे. बाई झोपत ऑस्लंडमध्ये, म्हणून बाई ऑस्लंडच्या. रस्त्यावरचा बर्फ ऑस्लंडने काढायचा, आठवड्याला नर्स ऑस्लंडने पाठवायची, वृद्धांसाठीचं गरम जेवणही ऑस्लंडचं. ते जेवण झोपायच्या खोलीच्या दारात यायचं आणि बाई ते स्वयंपाकघरात नेऊन खायच्या. दोन काउंट्यांमधल्या या मालवाहतुकीवर अद्याप कर नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मॅरिटला काळजी वाटली.

मॅरिट रस्त्यापलीकडे राहते. तिची मुलगी थिया झाल्यापासून तिला कशाचीही काळजी वाटते. बाळ झोपलं की ती त्याच्या नाकाशी बोट धरते. कुत्रा झोपला तरी धरते. नवरा डीन या भीतीने कुशीवर झोपायला शिकला आहे. अशा बाईच्या समोरच्या घरात ऐंशी ओलांडलेली म्हातारी उत्तरेच्या गार खोलीत झोपते आणि शेगडी मात्र स्वयंपाकघरात, हे तिला बघवेना. हिवाळा लागताच एका दुपारी ती डीनला घेऊन गेली आणि दोघांनी पलंग उचलून शेगडीजवळ ठेवला. अर्डिसबाईंनी पुन्हा बजावलं. मॅरिटने त्यांना गोधडी पांघरली.

पुढच्या भेटीला ऑस्लंडची नर्स आली आणि रिकाम्या खोलीत, जिथे पलंग होता तिथे, थोडा वेळ उभी राहिली. बाई दाराच्या पलीकडून तिला कॉफी विचारत होत्या. नर्सने रक्तदाबाचं यंत्र पिशवीत परत ठेवलं आणि घडलेली गोष्ट वर कळवली. आठवड्याच्या आत ऑस्लंडने बाईंना नव्या काउंटीतल्या वास्तव्याबद्दल शुभेच्छा पाठवल्या आणि जेवण, नर्स, बर्फ या सेवा बंद केल्या.

मॅरिट थियाला कडेवर घेऊन आधी पेलच्या बैठकीला गेली. काउंटी मंडळाचे अध्यक्ष व्हर्न सॅटरली हे अत्यंत सज्जन गृहस्थ. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, बाळाला चिमटीने बिस्किट दिलं, आणि म्हणाले, "टॉलफ्सनबाई आमच्याकडे आल्या याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्या आल्या हिवाळ्यात. आमचं बजेट उन्हाळ्यात होतं."

मग ती ऑस्लंडला गेली. तिथल्या अध्यक्ष लोरेन क्वालेबाई. त्याही तितक्याच सज्जन. त्यांनी स्पष्ट केलं की आम्ही कुणालाही हाकललेलं नाही, त्या आपल्या पायांनी गेल्या. मॅरिट म्हणाली, पलंग मी नेला, मी आज संध्याकाळी परत आणते. क्वालेबाईंनी चष्मा काढला. सोयी बघून काउंट्या बदलणारे लोक त्यांनी आयुष्यात फार पाहिले होते.

"पोरी, आज परत आणशील. उद्या थंडी वाढली की परत नेशील. सरकार असं कुणाच्या गादीमागे किती फिरणार?"

वाचकांनी इथे दोन्ही काउंट्यांना नावं ठेवण्याची घाई करू नये. लोकनियुक्त माणसं हातावर हात ठेवून बसत नाहीत. त्यांनी संयुक्त समिती नेमली. समितीने घराची पाहणी केली, अर्डिसबाईंच्या लिंबाच्या वड्या खाल्ल्या (दोन वेळा नाही म्हणून तिसऱ्यांदा घेतल्या, त्या भागात पहिल्यांदा घेणारा माणूस हावरट समजला जातो आणि न घेणारा बाहेरचा), आणि सर्वांना मान्य होईल असा तोडगा काढला. पलंग उंबऱ्यावर ठेवावा. डोकं ऑस्लंडमध्ये, पाय पेलमध्ये.

यामागचा विचार फार सुरेख आहे. मतदान, वाचनालय आणि करआकारणी या डोक्याच्या गोष्टी, त्या ऑस्लंडकडे. रस्ते आणि बर्फ या पायांच्या गोष्टी, त्या पेलकडे. नर्स आणि रुग्णवाहिका या धडाच्या गोष्टी. वेळ संपल्यामुळे धड पुढच्या बैठकीवर गेलं. मृत्यूची चौकशी हा एकमेव विषय असा निघाला की त्यावर चर्चाच करावी लागली नाही. मेलेला माणूस जिथे सापडेल त्या काउंटीचा, हा नियम पूर्वीपासून आहे आणि त्याबद्दल आजवर एकाही मृताची तक्रार नाही. घोळ होतो तो जिवंतांचाच.

पलंग जागेवर राहतो की नाही हे बघण्यासाठी दोन्ही काउंट्यांनी एकेक निरीक्षक नेमला. या दोन पगारांच्या रकमेत एक नर्स बसली असती असं मॅरिटने दाखवून दिलं, तेव्हा व्हर्न सॅटरलींनी तिला समजावलं की नर्स हा धडाचा विषय आहे.

पेलचा निरीक्षक स्वयंपाकघराच्या दाराच्या काचेतून पलंगाचा पायथा बघायचा. ऑस्लंडचा निरीक्षक ड्युएन हा पूर्वी बर्फगाडी चालवायचा. तो झोपायच्या खोलीच्या खिडकीतून उशी बघायचा. दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही असा दोघांनाही हुकूम. तरी अर्डिसबाई हाक मारून ड्युएनला स्वयंपाकघराकडे वळवायच्याच, आणि तो आपला बिल्ला खिशात घालून, खाजगी नागरिक म्हणून, पेलमध्ये कॉफी प्यायचा. पहिला कप, दुसरा कप, वड्या, गुडघेदुखी, पुतण्याचा घटस्फोट. पलंगाची तपासणी क्षणात व्हायची आणि निरीक्षक दुपार टळल्यावर निघायचा. काउंटीच्या अहवालात या कामाला 'सखोल' असा शब्द आहे, तो योग्यच आहे.

खुद्द मॅरिटच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं. पूर्वी ती रोज समोर जायची. आता थियाला दात येत होते, बर्फ गुडघ्यापर्यंत होता, आणि समोर तर सरकारची गाडी येतेय, एक सोडून दोन. तिने जाणं कमी केलं, मग खिडकीतूनच बघू लागली. दोन निरीक्षकांना बघणारी ती तिसरी निरीक्षक झाली, फरक इतकाच की तिला पगार नव्हता.

मोठं वादळ येऊन गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ड्युएनची गाडी जेमतेम बर्फातून वाट काढत समोर थांबली. मॅरिट खिडकीपाशी थियाला भरवत होती. ड्युएन उतरला, झोपायच्या खोलीच्या खिडकीशी गेला, वाकून बघितलं, परत आला आणि गाडी चालू केली.

चमचा मॅरिटच्या हातात तसाच राहिला.

अर्डिसबाईंच्या घरून कॉफी न घेता माणूस परत गेला असं त्या रस्त्यावर कधी घडलेलं नव्हतं. पोस्टमन गेला नव्हता, धर्मप्रचारक गेले नव्हते. कर वाढवायला आलेला अधिकारीसुद्धा वड्यांचा डबा घेऊन गेला होता. तिने दार उघडून ड्युएनला हाक मारली, पण गाडी वळलेली होती. सरकारी दृष्टीने त्याची भेट निर्दोष झाली होती: उशी जागेवर, वेळेची बचत.

मॅरिटने थियाला डीनच्या कोटात गुंडाळून छातीशी बांधलं आणि बर्फातून निघाली.

बाई शेगडी आणि टेबलाच्या मधे जमिनीवर पडल्या होत्या, काचेच्या दारातून दिसणार नाही अशा बेताने. शुद्धीवर होत्या. शेगडी धुगधुगत होती म्हणून निभावलं होतं. पाय हलत नव्हता.

"हाक मारत होते ग ड्युएनला," त्या म्हणाल्या. "आवाज ऑस्लंडपर्यंत गेला नाही वाटतं."

मॅरिटने त्यांच्या अंगावर होतं नव्हतं ते पांघरूण घातलं आणि आणीबाणीचा नंबर फिरवला. फोन ऑस्लंडला लागला. तिकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, पेशंटचं डोकं कुठे आहे.

"जमिनीवर."

"कुठल्या जमिनीवर?"

मॅरिटने उंबऱ्याकडे बघितलं. "पेलच्या."

"आणि पाय?"

"तेही पेलमध्येच."

मुलगी मनापासून हळहळली आणि तिने फोन पेलला जोडून दिला. पेलच्या माणसाने पत्ता घेतला, मग म्हणाला की पडल्या आमच्याकडे हे खरं, पण त्या झोपतात उंबऱ्यावर, आणि धडाचा ठराव अजून यायचाय. वरिष्ठांना विचारून सांगतो, फोन धरून ठेवा.

"चुकलंच माझं," अर्डिसबाई खालून म्हणाल्या. "जरा उंबऱ्यावर पडायला हवं होतं. दोघंही आले असते."

त्यांचे ओठ निळसर दिसत होते. मॅरिटने, तिच्या सवयीप्रमाणे, त्यांच्या नाकाशी बोट धरलं. मग तिला शाळांचा बास्केटबॉलचा सामना आठवला. ऑस्लंड विरुद्ध पेल. त्या रात्री असंच वादळ होतं, शेरीफने घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं, आणि दोन्ही काउंट्यांतलं एकही माणूस घरी राहिलं नव्हतं.

तिने फोन पुन्हा तोंडाशी धरला. "बरं, राहू दे. ऑस्लंडची अँब्युलन्स निघालीच आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कधी निघाली?"

"आत्ताच."

"आमची आधी पोचेल," तो म्हणाला.

मग तिने ऑस्लंडला फोन करून पेलची गाडी निघाल्याचं सांगितलं. आता ते खरंही होतं.

त्या दुपारी अर्डिसबाईंच्या घरापुढचा रस्ता इतिहासात प्रथमच दोन्ही बाजूंनी साफ झाला. पुढे दोन बर्फगाड्या, मागे दोन रुग्णवाहिका. स्ट्रेचर कुणी उचलायचं यावर थोडी बोलाचाली झाली, पण ठराव सोबत होताच: ऑस्लंडच्या माणसांनी डोक्याकडून धरलं, पेलच्या माणसांनी पायांकडून. धड मधोमध असल्यामुळे आपोआप गेलं. जाता जाता बाईंनी सगळ्यांना कॉफी विचारली. हॉस्पिटल तिसऱ्याच काउंटीत आहे. तिथे फक्त जन्मतारीख विचारली.

दोन्ही मंडळांनी या कामगिरीबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं. एका रुग्णामागे दोन रुग्णवाहिका, हे प्रमाण मोठमोठ्या शहरांनाही जमलेलं नाही. अर्डिसबाई सध्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात आहेत. तिथल्या पलंगाला चाकं आहेत हे बघून पहिल्या दिवशी त्या फार घाबरल्या, पण आता कठडा धरून चालतात आणि बर्फ वितळला की घरी येणार म्हणतात. मॅरिट दर रविवारी वड्या घेऊन जाते, दोन वेळा नको ऐकते आणि तिसऱ्यांदा देते. उंबऱ्यावरचा पलंग मात्र आहे तिथेच आहे. दोन्ही निरीक्षक अजून येतात. रिकाम्या पलंगाबद्दल त्यांचा अहवाल पूर्वीपेक्षा चांगला आहे.

वाचकांना एव्हाना दोन्ही काउंट्यांची गंमत वाटली असेल. याने समजायचं की तो बघतोय, त्याने समजायचं की हा बघतोय. मॅरिटलाही तेव्हा गंमतच वाटली होती, बर्फातून पलीकडे जाईपर्यंत. तिची एक विनंती आहे. तुमच्या जिन्यात, समोरच्या दारामागे कुणीतरी एकटं राहतं. त्यांचा मुलगा अधूनमधून येतो म्हणे, असं तुम्हाला वाटतं. शेजार फार चांगला आहे, असं त्या मुलाला वाटतं (शेजार म्हणजे तुम्ही). हा ठराव कुठल्याही बैठकीशिवाय, दोन्ही बाजूंनी, एकमताने मंजूर झालेला आहे. आज जाऊन या. दार बंद आहे, वर्तमानपत्र उचललेलं आहे, दिवा लागलेला आहे, एवढं बघून परत फिरू नका. ते ड्युएननेही बघितलं असतं. बेल वाजवा आणि चहा विचारतात का बघा.

विचारला नाही, तर आत जा.