डाकेच्या नवसाबाईचे अंगठे सरळ जाहले त्याची हकीकत

जेणें सव्वीस हाडें एकास एक जोडून माणसाचें पाऊल घडविलें आणि त्यावर अवघा देह तोलून धरिला, त्या कर्त्यास साष्टांग दंडवत. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ मासापासून घाटमाथ्याच्या राज्यांत जें वर्तमान घडलें तें कोणी ऐकून खरें मानीत नाहीं, कोणी खरें मानून भलतेंच वाढवून सांगतो. सबब जैसें पाहिलें, आणि ज्यांनीं पाहिलें त्यांच्या मुखें जैसें ऐकिलें, तैसेंच लिहिलें असे.

त्या राज्यांत डोंगराच्या माथ्यावर नऊ वाड्या होत्या, आणि तेथें गाडी जाईना, घोडें जाईना, एक पायवाट काय ती होती. त्या वाटेनें सरकारी डाक घेऊन जाणारी नवसाबाई ढेबे, धनगराघरची लेक, वय वर्षें बावन्न, अंगानें काटक, बोलण्यांत रोखठोक. एकवीस वर्षें तिनें रोज तीन कोस चढावें आणि तीन कोस उतरावें, आणि टपालाबरोबर म्हाताऱ्यांचीं औषधें न्यावीं, आणि ज्यास अक्षर येत नसे त्यास पत्र वाचून दाखवावें, आणि पत्रांत वाईट वार्ता असली तर अगोदर घरच्यांस खालीं बसवावें आणि मग वाचावें, ऐसी तिची रीत होती. पुढें तिच्या उजव्या पायाचा अंगठा दर साल थोडा थोडा शेजारच्या बोटाकडे कलूं लागला, आणि मुळाशीं हाड सुपारीएवढें बाहेर आलें, आणि होतां होतां अंगठा दुसऱ्या बोटावर चढून बैसला. डाव्या पायाचीही तीच वाट, परंतु अजून कमी. बूट त्या हाडावर घासून रक्त येई, म्हणून तिनें चाकूनें बुटासच भोंक पाडिलें आणि तैसीच चालत राहिली. मग ज्येष्ठांत एके दिवशीं उतारावर वेदनेनें पाय टाकवेना, बाई घसरली, थैली दरीच्या कडेपर्यंत घरंगळत गेली. तेव्हां तिनें पोटावर सरपटत जाऊन थैली धरिली आणि बसत, घसटत संध्याकाळीं खालीं आली.

हें वर्तमान डाकेच्या सुभेदारांस कळलें. त्यांनीं तिला बोलावून म्हटलें, “बाई, तुमची चाकरी थोर. परंतु तुमच्यामागें ह्या वाटेस कोणी जाईना. कार्तिकापर्यंत पाय बरा न जाहला तर वरची डाक बंद करावी आणि वाडीकरांनीं खालीं येऊन आपलें टपाल न्यावें, ऐसा हुकूम आला आहे.”

“सायेब, वरल्या म्हाताऱ्यांनी औषध न्याया खाली कसं उतरायचं?” नवसाबाईनें पुसिलें. सुभेदारांनीं हुकुमाचा कागद तिच्यापुढें सरकविला.

आतां पाय बरा करण्याचा उपाय नव्हता ऐसें नाहीं. परंतु नवसाबाईची थोरली बहीण ठमाबाई, तिचेही पाय असेच, घराण्याचें देणें. तिचा अंगठा पंचवीस वर्षांमागें त्या प्रांतींचे मुख्य शस्त्रवैद्य रावसाहेब कोपर्डे यांनीं कापून सरळ केला होता. चार बोटें लांब चीर, हाड उघडें करून करवतलें, दोन महिने पाय प्लास्टरांत. आणि अंगठा सरळ जाहला खरा, परंतु सांधा आंखडून गेला, वाकेना, आणि ठमाबाई पुन्हा डोंगर चढली नाहीं. तो पाय नवसाबाईनें रोज पाहिला होता. म्हणून शस्त्राचें नांव काढिलें कीं ती उठून जात असे.

ऐसें असतां सरकारी इस्पितळांत शस्त्रवैद्य जान्हवीबाई मुळगांवकर दाखल जाहल्या. दूरदेशीं राहून पायाचीच विद्या करून आलेल्या, वयानें चाळिशीच्या, आवाज हळू. सुभेदारांनीं गळ घालून नवसाबाईस त्यांच्याकडे पाठविलें. जान्हवीबाईंनीं स्वतः खालीं बसून तिचा बूट काढिला आणि पुसिलें, “हें भोंक कोणीं पाडलें?”

“म्याच. हाडाला दम घ्याया जागा नको का?”

बाई हांसल्या आणि पाऊल मांडीवर घेऊन अंगठा हळूच हलवून पाहिला. मग बोलिल्या, “नवसाबाई, मी चीर देणार नाहीं. कातड्यास चार छिद्रें पाडीन, एकेक ज्वारीच्या दाण्याएवढें. त्यांतून सुईसारखी बारीक कानस घालून हाड आंतल्या आंत कापीन, सरकवून जागेवर आणीन आणि स्क्रूंनीं जखडीन. त्याच दिवशीं टाचेवर भार देऊन चालाल.”

“अंगठा वाकंल का?”

“वाकावा म्हणूनच सांधा उघडीत नाहीं.”

“आन् जमलं न्हाई तर?”

“तर तोंडावर सांगेन कीं जमलें नाहीं. दुखेल, सूज चार-सहा महिने राहील. पाय विशीतला होईल ऐसें वचन देत नाहीं. सरळ होईल आणि डोंगर चढेल, इतकें करूं पाहीन.”

नवसाबाई बूट बाजूस सारून म्हणाली, “खोटं बोलला न्हाईत. करा.”

ही वार्ता कोपर्डे रावसाहेबांच्या कानीं गेली. ते आतां सत्तरीस आले होते, चाकरी संपली होती, तरी रोज इस्पितळीं येत आणि सर्व लहानथोर त्यांस मान देत. ते वैद्यांच्या भर सभेंत बोलिले, “हाड डोळ्यांनीं पाहिल्यावांचून कापणें म्हणजे आंधळ्यानें सुरी चालविणें आहे.” जान्हवीबाई उठून उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, “रावसाहेब, आपण हात धुवून माझ्या शेजारीं उभें राहावें. मी चुकतें ऐसें दिसलें तर तेथेंच माझा हात धरावा.” रावसाहेब येतों म्हणाले.

मग आषाढ शुद्ध पंचमीस, सकाळचे प्रहरीं, नवसाबाईस मेजावर निजविलें, आणि घोट्याभोंवतीं सुया टोचून पाऊल तेवढें बधिर केलें, बाई पूर्ण शुद्धीवर. शेजारीं एक यंत्र, कमानीसारखें वांकलेलें, ज्याच्या योगें कातडें आणि मांस जैसें नाहींच ऐसें होऊन आंतील हाडें कांचेवर उमटतात. तें पायावर आणितांच कांचेवर पाऊल प्रकट जाहलें, एकेक हाड निराळें, आणि अंगठ्याचें हाड वाट चुकल्यासारखें बाहेर पडलेलें. नवसाबाईनें मान उचलून पाहिलें.

“ह्ये माजं हाय?”

“तुमचेंच,” जान्हवीबाई बोलिल्या.

“एवढ्याशा काड्यांवर म्या एकवीस वर्सं डोंगर चढले?”

हजार पाय पाहिलेले रावसाहेब, तेही कांचेकडे ऐसे पाहत राहिले कीं जणूं पाऊल ही वस्तु प्रथमच दृष्टीस पडली. मग जान्हवीबाईंनीं पहिलें छिद्र पाडिलें आणि कानस आंत घातली, आणि ती मंद घुमूं लागली, आणि वरून थंड पाण्याची धार धरिली कीं हाड तापूं नये, आणि छिद्रांतून हाडाचा पांढरा भुगा पाण्यासवें वाहूं लागला, दुधांत पीठ कालवावें तैसा. बाईंची दृष्टि कांचेवर आणि हात पायावर. परंतु खरें पाहतां बाई हाडाचा आवाज ऐकत होत्या, आणि आवाज बदलतांच हात थांबत होता. हाड दुभंगलें. मग त्यांनीं बारीक पहार घालून हाडाचें बाहेर आलेलें टोक हळूच आंत, शेजारच्या बोटाकडे ढकलिलें, आणि सर्वांदेखत वर्षानुवर्षांचा वांकडा अंगठा वळून सरळ होऊं लागला. रक्त म्हणाल तर एक पळीभरही नव्हतें.

तों संकट आलें. टोक जागीं धरून त्यांतून स्क्रूस वाट दावणारी तार ओंवावयाची, तर हाड आंतून मऊ निघालें. तार धरीना आणि टोक घसरून मागें आलें. पुन्हा ढकलिलें, पुन्हा घसरलें. “पुन्हा तार द्या,” जान्हवीबाई हाताखालच्यांस बोलिल्या. नवसाबाईस बोलण्याचा सूर कळला, ती म्हणाली, “बाईसायेब, बिघडलं का?”

“हाड मऊ आहे, नवसाबाई. थोडा वेळ लागेल,” असें खरें तेंच सांगून त्या रावसाहेबांकडे वळल्या. “आपला हात हवा.”

रावसाहेब पुढें जाहले. पन्नास वर्षांचे जाणते हात. त्यांनीं एक बोट अंगठ्याच्या बाजूस आणि एक तळव्याखालीं लाविलें आणि डोळे मिटले. “येथें आहे,” ते बोलिले, “मी धरिलें. तुम्ही दोन बोटें अंतर मागें सरून, हाडाच्या पलीकडच्या कठीण कवचांतून तार आणा.” जान्हवीबाईंनीं तैसेंच केलें. तार कवचांत रुतली, टोकांत शिरली आणि बसली. मागाहून दोन स्क्रू चढविले. अंगठ्याच्या कांडांतही लहानसा छेद देऊन तेंही सरळ केलें. एकंदर दोन घटका. रावसाहेबांनीं बोटें काढिलीं तेव्हां अंगठा हलला नाहीं. त्यांनीं वांकून तीं छिद्रें मोजलीं, चार भरलीं, आणि बाहेर जाऊन बाकावर बैसले.

दुपारीं नवसाबाई जाड तळाचा जोडा घालून, टाचेवर भार देत, दालनाच्या दारापर्यंत चालली. तेथें रावसाहेब उभे होते. ते म्हणाले, “ठमाबाईचा पाय माझ्या हातचा.”

“ठावं हाय मला.”

“तेव्हां मला जें येत होतें तें सारें केलें.” नवसाबाई फिरून आपल्या खाटेकडे गेली.

इकडे डाकेचें काय, तर नऊ वाड्यांनीं पाळी लाविली, आणि रोज एका वाडीचा माणूस भर पावसांत खालीं उतरून थैली नेऊं लागला. ज्यास वाचतां येत नसे तो पत्रें छातीशीं धरून वाचणाऱ्याच्या घरीं जाई. कार्तिकांत नवसाबाई स्वतः चढली. दोनदां बसली, वर पोंचतां पाऊल सुजून जोडा घट्ट जाहला होता, परंतु ती पोंचली. सुभेदार मागोमाग चढून आले होते, त्यांनीं धापा टाकीत तेथेंच हुकूम रद्द केला.

आणि रावसाहेबांनीं काय करावें? सत्तरीच्या वयांत त्यांनीं जान्हवीबाईंपाशीं विद्या मागितली. कृत्रिम हाडांवर कानस धरून शेंकडों वेळां कापिलें, शेंकडों वेळां चुकले, आपल्याच शिष्यांसमोर चुकले, आणि मग जान्हवीबाईंच्या हाताखालीं उभे राहून कित्येक पाय केले. विश्वावसु नाम संवत्सरीं वैशाखांत नवसाबाई डावा पाय घेऊन आली, तेव्हां रावसाहेब पुढें होऊन बोलिले, “ह्या पायास मी हात लावूं काय? नको म्हणालात तर राग नाहीं.”

नवसाबाईनें जान्हवीबाईंकडे पाहिलें. त्या म्हणाल्या, “मी शेजारींच असेन. परंतु मन तुमचें.”

“हात दावा,” नवसाबाई म्हणाली.

रावसाहेबांनीं दोन्ही हात पुढें केले. तिनें ते आपल्या हातांत घेऊन बराच वेळ धरिले, कंप आहे कीं काय तें पाहिलें. मग सोडिले आणि डावा पाय उचलून मेजावर ठेविला. “लावा. पर ठमाला म्या सांगणार, कुणी केलं त्ये.”

“सांगा,” रावसाहेब बोलिले.

तोही अंगठा सरळ जाहला, आणि जान्हवीबाईंस हात घालावा लागला नाहीं. नवसाबाईनें बहिणीस सांगितलें. ठमाबाई चुलीपाशीं भाकरी भाजीत होती, तिनें पुसिलें, “दुखलं का तुला?”

“लई न्हाई.”

“मंग झालं,” ठमाबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

एवंच, आठ छिद्रांतून दोन अंगठे सरळ जाहले, नऊ वाड्यांची डाक चालू राहिली, आणि एका वृद्धास नवी विद्या आली. घडलें इतकें, म्हणून लिहिलें इतकें.