तीन मिनिटांचा राजीनामा

राजीनामा द्यायला असा कितीसा वेळ लागणार? तीन मिनिटं! जॉर्जीने आरशासमोर घड्याळ लावून सराव केला होता. एक मिनिट पत्र हातात ठेवायला, एक मिनिट अध्यक्षाबाईंचा चेहरा पडायला आणि एक मिनिट रडारडीसाठी राखीव. रविवारी दुपारी चार वाजता ती भगिनीमंडळाच्या पांढऱ्या खांबांच्या घरातल्या दिवाणखान्यात शिरणार होती आणि चार वाजून तीन मिनिटांनी मोकळी होऊन बाहेर पडणार होती. त्यानंतर कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तळलेलं चिकन हादडायचं, हेसुद्धा ठरलं होतं. त्या घरात सहा आठवडे तिने नुसता पाला खाल्ला होता.

जॉर्जियाना ट्रसेल, वय वर्षं अठरा. अलाबामातल्या मेबर्न कॉलेजात पहिल्या वर्षाला. ऑगस्टमध्ये 'आयोटा ओमेगा साय' या भगिनीमंडळात तिची निवड झाली, तेव्हा ती हिरवळीवरून किंचाळत धावली होती. एकुलत्या एका मुलीला एका दुपारीत ब्याण्णव बहिणी! हरखून जाईल नाही तर काय होईल?

आठवड्याभरातच तिला कळलं, की एकुलतं असण्यात केवढं सुख होतं. सोमवारी मोत्यांची माळ. बुधवारी गुलाबी कपडे. केसांना रबर लावून बाहेर पडायचं नाही. रोज दोन तास दारात दाटीवाटीने उभं राहून टाळ्या वाजवत स्वागतगीत म्हणायचं, आणि म्हणताना वरचे सगळे दात दिसलेच पाहिजेत! एकदा जॉर्जीचे दात कमी पडले, तर शिस्त समितीपुढे तिची सुनावणी झाली. दातांची सुनावणी! समितीने तिला सुधारायची एक संधी दिली, हा त्यांचा मोठेपणा.

हे सगळं सोसण्यासारखं होतं, पण शनिवारी दीक्षा होती. एकदा दीक्षा झाली, की माणूस मरेपर्यंत भगिनी. नवरा सोडता येतो, गाव सोडता येतं, भगिनीमंडळ सुटत नाही. शिवाय दीक्षेच्या वेळी मंडळाची पिन कपड्याला टोचायला खुद्द जॉर्जीची आई येणार होती. आई, म्हणजे डार्लीन, याच मंडळाची. आजी, जिला सगळं घर मीमॉ म्हणायचं, तीसुद्धा याच मंडळाची. मीमॉची मोत्यांची पिन जॉर्जीच्या जन्मापासून तिच्या नावाने मखमली डबीत वाट पाहत होती. आईला तोंडावर सांगायची जॉर्जीची छाती नव्हती. म्हणून तिने डोकं लढवलं. आधी राजीनामा द्यायचा, मग आईला फोन करायचा. झालेल्या गोष्टीला आई काय करणार?

रविवारी चारच्या ठोक्याला जॉर्जी पत्र घेऊन आत शिरली, तर दिवाणखान्याचे सगळे पडदे ओढलेले. आत काळोख आणि काळोखात ब्याण्णव मुली गोल करून उभ्या.

"आलीस? ये, ये, हात धर," कुणीतरी कुजबुजलं.

"मला अध्यक्षांशी, हॅडलीशी बोलायचंय. तीनच मिनिटं."

"शूऽऽ! मेणबत्ती निघाली."

आता ही मेणबत्तीची भानगड काय ते सांगायला हवं. मंडळातल्या एखाद्या मुलीचं लग्न ठरलं, की ती कुणाला सांगत नाही. सगळ्याजणी गोल करतात, एक पेटलेली मेणबत्ती हातोहात फिरते आणि तिसऱ्या फेरीला जिचं ठरलंय ती फुंकर मारून मेणबत्ती विझवते. मग किंकाळ्या, मग केक. नव्या मुलींना हे गुरुवारी नीट समजावून सांगितलं होतं. पण गुरुवारी जॉर्जी कपडे धुण्याच्या खोलीत लपून राजीनामा लिहीत बसली होती.

पहिली फेरी झाली. जॉर्जीने मेणबत्ती घेतली, पुढे दिली. दुसरी फेरी झाली. 'काय हा पोरखेळ!' असं मनातल्या मनात म्हणत तिने पुन्हा पुढे दिली. तिसऱ्या फेरीला मात्र मेणाचा एक कढत थेंब तिच्या अंगठ्यावर पडला. तिने हात बदलला आणि बोटांत धरलेल्या पत्राचा कोपरा ज्योतीत गेला.

राजीनामा पेटला!

चार दिवसांची मेहनत, सात खाडाखोडी, 'मनःपूर्वक आभार' तीनदा! जॉर्जीने सगळा जीव एकवटून फुंकर मारली. पत्र विझलं. मेणबत्तीही विझली.

ब्याण्णव गळ्यांतून अशी किंकाळी निघाली की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

"जॉर्जी! अगं, जॉर्जी?!"

"पहिल्याच वर्षाला?!"

"छुपी रुस्तम! कोण गं तो?"

"कोणी नाही! कोणीच नाही!" जॉर्जी ओरडली.

"लाजतेय बघा, बिचारी!"

तिच्या गळ्यात चाळीस हात पडले. कुणी तिचा हात ओढून अंगठी शोधायला लागलं. "तो जीवशास्त्राच्या तासाला बेडूक कापतो ना हिच्याबरोबर, तोच असणार!" असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं. दोघींनी टिपं गाळली. पडदे सरकले, दिवे लागले आणि रेटारेटीत जॉर्जी थेट दारासमोर येऊन उभी राहिली.

नेमकं तेव्हाच दार उघडलं. किंकाळी ऐकली की आत यायचं, असं बजावून ज्याला व्हरांड्यात उभं केलं होतं, तो ब्रँटली गुलाबांचा हा एवढा गुच्छ घेऊन आत आला. भावना अनावर झाल्याने त्याचे डोळे मिटलेले होते. तो जॉर्जीसमोर एका गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "माझ्या जिवाच्या राणी!"

मग त्याने डोळे उघडले. "ही कोण?"

सगळ्या माना जॉर्जीच्या शेजारी वळल्या. कारण ब्रँटली कोणाचा, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. तो मेरिट केटचा होता. मेरिट केट शेवटच्या वर्षाला, शिस्त समितीची प्रमुख, दातांची सुनावणी घेणारी तीच. गेली तीन वर्षं ती या मेणबत्तीची वाट पाहत होती. ती बरोबर जॉर्जीच्या शेजारी उभी होती, फुंकर मारायला गाल फुगवून. ते गाल अजून तसेच होते.

"ब्रँटली!" शेवटी तिच्या गालांतली हवा सुटली. "हिच्याशी?!"

"नाही गं! मी हिला ओळखतही नाही!"

"ओळखत नाहीस आणि गुडघ्यावर बसतोस?"

गुच्छ त्याच्या हातातून हिसकावला गेला आणि त्याच्याच डोक्यात बसला. गुलाबांना काटे असतात, हे ब्रँटलीला त्या दिवशी नीट कळलं. खरा प्रकार उलगडेपर्यंत अर्धा तास गेला. तोवर गुच्छात नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि केकवर कुणीतरी बसलं होतं.

अध्यक्षा हॅडलीने नियमांचं पुस्तक काढलं. "एकदा विझलेली मेणबत्ती त्या सत्रात पुन्हा पेटवता येत नाही," तिने गंभीर आवाजात वाचलं. जणू कुणाच्या फाशीचा हुकूम वाचत होती.

मेरिट केट कडाडली, "मग आता या घरात एक तर ही राहील, नाहीतर मी!"

जॉर्जीला आभाळ ठेंगणं झालं. पत्र जळलं तर जळलं, दार तर उघडलं! "मी जाते!" ती म्हणाली. "आत्ता जाते! चूक माझीच आहे. मेरिट केटने राहायला हवं. मी सामान कालच बांधून ठेवलंय!"

हॅडलीच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"ऐकलंत?" ती गदगदून म्हणाली. "बहिणीच्या सुखासाठी ही पोर घर सोडायला निघाली!"

"नाही, तसं नाही. मला खरंच जायचंय!"

"किती ते मन मोठं! अजून दीक्षासुद्धा झाली नाही हिची!"

"मला इथलं काहीही आवडत नाही!" जॉर्जी किंचाळली. "टाळ्या आवडत नाहीत! पाला आवडत नाही!"

"मेरिट केटला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतेय गं!" कुणीतरी हुंदका दिला. तेवढ्यात मेरिट केट धावत आली आणि तिने जॉर्जीला अशी मिठी मारली की बरगड्या वाजल्या. "तू माझ्या लग्नात करवली होणार!" ती रडत म्हणाली. "जर्दाळू रंगाचा झगा. फुगीर बाह्यांचा. मी 'नाही' ऐकून घेणार नाही!"

हात वर झाले, ठराव एकमताने पास झाला. जॉर्जीने कुठेही जायचं नाही.

एवढ्यात आईचा फोन. बातमी शंभर मैल पोचायला नऊ मिनिटं लागली होती, बाकीचा वेळ गोंगाटात फोन ऐकू आला नव्हता.

"कोण आहे तो? आणि कुठल्या चर्चला जातो?"

"कोणी नाही गं, मम्मा! मेणबत्ती चुकून विझली."

पलीकडे मोठा निःश्वास ऐकू आला. "बरं झालं. शनिवारी येतेच मी. पिन चकचकीत करून ठेवलीय."

सांगायचं तर आत्ताच. जॉर्जीने तोंड उघडलं. "मम्मा..."

"काय गं?"

"काही नाही. सावकाश ये."

शनिवार उजाडला. ब्याण्णव मुली पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभ्या होत्या, सगळ्यांचे वरचे दात दिसत होते. विधी कडेकोट गुपित असल्यामुळे त्याबद्दल इथे लिहिता येत नाही, पण फार काही बिघडत नाही. शेवटी हॅडलीने सगळ्यांसमोर जॉर्जीला 'त्यागमूर्ती' म्हणून गौरवलं आणि आई पिन घेऊन पुढे आली. कॅमेरावाली समोर सरसावली.

पिनेचं टोक कापडात शिरत होतं. आता नाही तर कधीच नाही.

"मम्मा," ती ओठ न हलवता कुजबुजली, "मला सोडायचं होतं गं हे. खरंच सोडायचं होतं."

आईच्या चेहऱ्यावरचं हसू तसूभरही हललं नाही. तिने पिन टोचली, आकडा अडकवला आणि जॉर्जीच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली.

"मलाही," ती म्हणाली. "ब्याण्णव सालापासून. दात दाखव, फोटो काढतायत."