आंबेमाळची तिसरी पद्धत

राज्य कसं चालवावं हा प्रश्न फार मोठा असल्यामुळे तो लहान गावांनाच परवडतो. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेला लागलेल्या आंबेमाळ वाडीनं (घरं एकेचाळीस, पैकी कुलूपबंद सतरा) तो तीनदा सोडवला.

आधी संसदीय पद्धत होती. बैठक कारभारी निवडायची आणि विश्वास उडाला की काढायची. वर्षात पाच कारभारी झाले. चौथा तर दुपारच्या जेवणापुरताच टिकला (जेवण त्याच्याकडेच होतं).

मग स्थैर्यासाठी अध्यक्षीय पद्धत आणली. सर्वांनी मतं टाकून हैबती मोऱ्यांना पाच वर्षांसाठी अध्यक्ष केलं. हैबतीनाना स्थिर निघाले. इतके, की बैठकीनं दोनदा बोलावूनही ओट्यावरून उठले नाहीत.

तेव्हा महाडच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या दत्तोपंत गुरुजींनी तिसरी, अर्ध-अध्यक्षीय पद्धत सुचवली. अध्यक्ष लोकांचा, कारभारी बैठकीचा, राज्य दोघांचं. फ्रान्समध्ये असंच चालतं म्हणाले. फ्रान्स कुणीच पाहिलेला नसल्यानं विरोध झाला नाही. नाना अध्यक्ष राहिले, त्यांचा पुतण्या राजेश कारभारी झाला. काका-पुतण्यांत बांधावरून सहा वर्षं बोलणं नव्हतं. गुरुजी म्हणाले, शास्त्रात याला सहजीवन म्हणतात. वेशीबाहेरचं नानांनी बघायचं, वेशीआतलं राजेशनं.

श्रावणात दरड आली आणि झऱ्याचं पाणी आणणारा पाइप फुटला. फुटला तो बरोबर वेशीच्या दगडावर. पाणी बाहेरून येतं, सबब विषय परराष्ट्र खात्याचा, असं राजेशचं मत पडलं. पाणी गाव पितं, सबब अंतर्गत, असं नानांचं. नऊ दिवसांत चार बैठका झाल्या. पद्धत पुस्तकाबरहुकूम चालल्याचं गुरुजींना फार समाधान वाटलं.

त्या नऊ दिवसांत बायका झऱ्यावरून हंडे वाहत होत्या. दहाव्या दिवशी सकाळी सत्तरीची ठकूबाई शेवाळावरून घसरली. पाऊल मुरगळलं, हंडा ओढ्यात गेला. तिची सून तुळसा तिला पाठुंगळी घेऊन थेट पाचव्या बैठकीत आली आणि पाइप कुणाचा ते विचारलं. नानांनी राजेशकडे बोट केलं, राजेशनं नानांकडे.

"म्हंजे कुणाचाच नाय," तुळसा म्हणाली. "मंग मी जोडला तर कुणाची हरकत हाय?"

बैठक विचारात पडली. ती विचारातून बाहेर येण्याआधी तुळसानं सासूला ओट्यावर बसवलं, नानांच्या मोटारसायकलची जुनी ट्यूब कापली आणि पाइपाला आवळून वर तार गुंडाळली. तासाभरात पाणी आलं.

संध्याकाळी अभिनंदनाचा ठराव आला. ट्यूब अध्यक्षांची होती, तार कारभाऱ्याची. म्हणून अभिनंदन दोघांचं झालं. तुळसा तेव्हा घरी सासूच्या पायाला हळद लावत होती. "आता कायबी फुटलं का तुलाच हाका मारतील गो," ठकूबाई म्हणाली, आणि पाय जरा पुढे केला.

पद्धत यशस्वी ठरल्यानं पुढे चालू आहे.

वाचकांनी तिन्हींपैकी आपली आवडती एव्हाना मनाशी ठरवली असेलच. फक्त एक तपशील द्यायचा राहिला. मतं टाकणारे 'सर्व' म्हणजे घरटी एक पुरुष. अर्थात तुम्हीही कुठे विचारलंत.